लांडग्याची पाठ आणि वरचा उजेड

लढाईच्या खेळातल्या इवल्या आकृत्या रंगवणाऱ्यांना एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो: "लांडगा राखाडी असतो. राखाडी रंगाचा एक हात मारला की झालं. त्यात शिकण्यासारखं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर करून बघता येतं. प्लास्टिकच्या एका लांडग्याला सगळीकडे सारखा राखाडी रंग द्या, वाळू द्या, टेबलावर ठेवा आणि दोन पावलं मागे या. पाय पोटात मिसळलेले दिसतील. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, ते कळणार नाही. शिल्पकाराने कोरलेली लव जागच्या जागी आहे, पण डोळ्यांना ती सापडत नाही. रंग तर बरोबर निवडला होता. मग बिघडलं कुठे?

उत्तराचा एक भाग खऱ्या लांडग्याच्या अंगावर आहे आणि दुसरा आपल्या खोलीतल्या दिव्याखाली. हे दोन्ही भाग समजले की कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, हे पाठ करावं लागत नाही. ते आपोआप सुचत जातं.

१. हे लांडगे आले कुठून?

टेबलावर छोटे सैनिक मांडून नियमांनी लढाया खेळायचा छंद जुना आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा खेळाचे नियम छापले. त्यांचे सैनिक खऱ्या पलटणींचे होते. लांडगे आले ते कल्पित जगाच्या वाटेने. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीत वॉर्ग नावाचे दुष्ट लांडगे आहेत आणि गॉब्लिन लांडग्यांवर स्वार होतात. त्यामागे उत्तर युरोपातल्या पुराणकथांची मोठी परंपरा उभी आहे. नॉर्स पुराणातला फेनरिर हा प्रचंड लांडगा टीर या देवाचा हात तोडतो आणि जगाच्या अंतिम युद्धात देवराज ओडिनला गिळतो.

इंग्लंडमध्ये १९७५ साली गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली आणि आकृत्या ओतणारी सिटाडेल मिनिएचर्स १९७८ साली. १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ आला. त्यात लांडग्यांवर बसलेल्या गॉब्लिनांचं घोडदळ होतं आणि मेलेल्यांच्या सैन्यात कुजलेले लांडगेही होते. १९८७ साली आलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या भविष्यातल्या युद्धाच्या खेळात फेनरिस नावाचा बर्फाळ ग्रह आहे आणि तिथल्या योद्ध्यांबरोबर लांडगे धावतात. ग्रहाचं नाव कोणत्या पुराणातून आलं, हे वेगळं सांगायला नको. आज नॉटिंगहॅममध्ये या कंपनीचं मुख्यालय आहे. तिथल्या प्रदर्शनात रंगवलेल्या सैन्यांचे भव्य देखावे मांडलेले असतात.

म्हणजे लांडगा कल्पित जगांच्या या खेळांत पहिल्यापासून आहे आणि बहुतेक वेळा घोळक्याने आहे. ही घोळक्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडेल.

२. तेरा मिलिमीटरचा प्राणी

आकृतीचा आकार समजल्याशिवाय तिचा रंग समजत नाही. या खेळांतलं रूढ माप २८ मिलिमीटर. उभ्या माणसाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची साधारण तेवढी धरतात. खऱ्या माणसात हे अंतर सुमारे १६५ सेंटिमीटर असतं. भागाकार केला की आकृतीवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले जवळपास ६ सेंटिमीटर. थोडक्यात, सगळं जग साठपट लहान झालेलं आहे.

खांद्यापाशी ८० सेंटिमीटर उंच असलेला मोठा लांडगा या मापात १३ मिलिमीटरचा होतो. स्वार बसायचा असेल तर शिल्पकार तो मुद्दाम थोराड करतात, पण हिशेब तोच राहतो.

आता अंतर. खेळताना आपला डोळा आकृतीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असतो. त्याला साठने गुणलं की ४५ मीटर होतात. टेबलावरचा लांडगा पाहणं म्हणजे खरा लांडगा ४५ मीटरवरून पाहणं. चांगली नजर असलेल्या माणसालाही एवढ्या अंतरावर सव्वा सेंटिमीटरहून बारीक गोष्ट सुटी दिसत नाही. मग एकेक केस दिसायचा प्रश्नच नाही. दिसतात ते केसांचे पुंजके, अंगावरचे गडद-फिके पट्टे आणि प्राण्याची ठेवण.

शिल्पकारालाही हे ठाऊक असतं. आकृतीवर कोरलेली १ मिलिमीटर रुंदीची बट म्हणजे प्रत्यक्षातला ६ सेंटिमीटरचा पुंजका. त्याने केस कोरलेले नाहीत, पुंजके कोरले आहेत. रंगवणाऱ्यानेही पुंजकेच रंगवायचे. नवशिका माणूस सर्वांत बारीक ब्रश घेऊन एकेक केस ओढत बसतो. त्याची चिकाटी मोठी असते, पण ती मेहनत टेबलावर दिसत नाही.

अंतर असं गणिताने लहान झालं, तरी उजेड मात्र लहान होत नाही. मैदानात उभ्या लांडग्याच्या पोटाखाली मोठी, खोल सावली पडते. तेरा मिलिमीटरच्या लांडग्यावर दिव्याचा उजेड चहूबाजूंनी, टेबलावरून परतूनही पोहोचतो. त्याच्या बटांमधल्या खाचा अर्ध्या मिलिमीटरच्याही नसतात, त्यामुळे त्यांतला अंधार दुरून दिसत नाही. जी सावली निसर्गात फुकट मिळते, ती इथे रंगाने काढावी लागते. एकाच राखाडी रंगाचा लांडगा सपाट दिसतो, त्याचं पहिलं कारण हे.

३. खरा लांडगा कसा असतो?

लांडग्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि बाहेर लांब, राठ केस. बाहेरच्या एका केसावरही बहुतेक वेळा रंगांचे पट्टे असतात: कुठे फिका, कुठे पिवळसर, टोकाला काळा. असे लाखो केस एकमेकांवर पडले की दुरून त्यांचा मिळून राखाडी दिसतो. म्हणून राखाडी लांडग्याच्या राखाडीत काळा, तपकिरी, मलईसारखा पिवळट आणि पांढरा असे सगळे रंग असतात. डबीतून काढलेला शुद्ध राखाडी रंग निर्जीव वाटतो तो यामुळे.

अंगावरची वाटणीही ठरलेली असते. मानेभोवती आणि खांद्यांवर केस सर्वांत लांब आणि गडद असतात. पाठीवर झूल घातल्यागत गडद पट्टा उतरतो. गाल, गळा, पोट आणि पायांची आतली बाजू फिकी असते. कानांच्या मागे आणि नाकाडावर बहुधा तांबूस झाक दिसते. शेपटीचं टोक काळं असतं. डोळे पिवळ्यापासून मधाच्या रंगापर्यंतचे असतात.

सगळेच लांडगे राखाडी असतात, हाही समज सोडून द्यावा. उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर पांढरे लांडगे आहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५ पासून लांडगे पुन्हा सोडण्यात आले आणि तिथे आता निम्म्याच्या आसपास लांडगे काळे असतात. हा काळेपणा आणणारं जनुक उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांमध्ये पाळीव कुत्र्यांकडून आलं, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आणि आपल्याकडचा लांडगा? सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावर, तसंच पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कोरड्या भागात फिरणारा भारतीय लांडगा अंगाने सडपातळ, आखूड केसांचा आणि वाळक्या गवताच्या रंगाचा असतो. पाठीवर काळी टोकं विखुरलेली असतात. तुमचं कल्पित सैन्य वाळवंटातलं असेल तर युरोपातल्या बर्फातला लांडगा रंगवण्यापेक्षा आपल्या माळावरच्या लांडग्याचे फोटो समोर ठेवा. उघड्या, तापलेल्या जमिनीवर तो जास्त शोभतो.

४. दडण्याची युक्ती

आता या प्रकरणाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. लांडग्याची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं?

याचं उत्तर अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ साली मांडलं. सूर्याचा उजेड वरून येतो. त्यामुळे कोणत्याही एकरंगी वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची गडद दिसते. त्यावरूनच आपला डोळा ओळखतो की वस्तू गोल आहे, भरीव आहे. प्राण्याची पाठ मुळातच गडद आणि पोट फिकं असेल, तर वरचा उजेड गडद पाठीला थोडं उजळ करतो आणि सावली फिक्या पोटाला थोडं गडद करते. दोन्ही जवळजवळ सारखे दिसू लागतात, गोलाई पुसली जाते आणि प्राणी मागच्या गवतात हरवतो. हरणात, सशात, कितीतरी माशांत हीच रचना आढळते. ज्या चित्रकाराने आयुष्यभर उजेड-सावलीने गोलाई उभी केली, त्यालाच ती गोलाई पुसण्याची निसर्गाची रीत दिसली.

आता रंगवणाऱ्यापुढचा पेच बघा. त्याला लांडगा लपवायचा नाही, दाखवायचा आहे. त्यासाठी वरचा भाग उजळ आणि खालचा गडद हवा. पण लांडग्याची खूण म्हणजे गडद पाठ आणि फिकं पोट. फोटो बघून हुबेहूब रंग दिले तर आकृती सपाट होते, कारण निसर्गाने ते रंग सपाट दिसण्यासाठीच दिलेले आहेत. फक्त उजेड बघून पाठ पांढरी केली तर आकार छान उठतो, पण लांडगा ओळखू येत नाही.

पेच सुटतो तो रंगाची दोन अंगं वेगळी केली की. रंगाला जात असते: निळसर, पिवळसर, तांबूस. आणि रंगाला उजळपणा असतो: गडद किंवा फिका. पाठ आणि पोट यांतला फरक मुख्यतः जातीने दाखवायचा, उजेड उजळपणाने. म्हणजे पाठ निळसर करडी, पोट पिवळसर मलईचं. मग पाठीवरच्या बटांची टोकं फिक्या करड्या रंगाने उजळायची आणि पोटाच्या खाचांत तपकिरी सावली भरायची. पोट पिवळसर असल्यामुळे वेगळं ओळखू येतं आणि पाठ उजळ टोकांमुळे वर उठून येते. खरा लांडगाही राहतो आणि उजेडही राहतो.

पुढची सगळी कृती या एका वाक्यासाठी आहे.

५. रंगाच्या आधी

चांगला रंग वाईट पृष्ठभागावर बसत नाही. घराची भिंत रंगवताना हे आपण मान्य करतो, तेच इथेही मानायचं.

प्लास्टिकच्या आकृतीचे भाग एका चौकटीत जोडलेले येतात. ते कटरने सोडवा. साच्याचे दोन तुकडे जुळतात तिथे एक बारीक रेघ उठलेली असते. लांडग्यावर ती बहुधा पाठीवरून किंवा पायांच्या कडेने जाते. ही रेघ कटरच्या धारेने हळूच खरवडून काढा, नाहीतर पुढे तिच्यावरच रंग चढतो आणि लवेतून आडवा ओरखडा गेल्यासारखं दिसतं. रेझिनच्या आकृत्या साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातला तेलकटपणा जायला हवा. रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जायला नको. फार जुन्या धातूच्या आकृत्यांत शिसं असू शकतं. त्या हाताळल्यावर हात धुवावेत.

प्लास्टिकसाठी प्लास्टिक सिमेंट वापरतात. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनला फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. लांडग्याचं धड बहुतेक वेळा दोन अर्ध्या भागांत येतं आणि जोडल्यावर मानेपाशी किंवा पोटाखाली फट राहते. तिथे दोन भाग मळून तयार होणारी एपॉक्सी लांबी भरा. ती ओली असतानाच ओल्या टूथपिकने बाजूच्या बटांच्या दिशेने रेघा ओढा. वाळल्यावर जोड सापडत नाही.

६. तीन हत्यारं: अस्तर, वॉश, ड्रायब्रश

अस्तर म्हणजे प्रायमर. तो आकृतीला घट्ट धरतो आणि पुढचा रंग त्याला धरतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात स्प्रेचं अस्तर मारताना सांभाळा. हवेतल्या दमटपणाने त्याचा पोत खरखरीत होऊ शकतो. अशा दिवसांत ब्रशने लावायचं अस्तर बरं. कोरड्या दिवशी स्प्रे उघड्यावर मारा आणि एक सोय करून घ्या: आधी सगळीकडे काळं किंवा गडद तपकिरी अस्तर, ते वाळल्यावर फक्त वरून फिक्या करड्या रंगाचा हलका फवारा. उजेड जिथून यायला हवा तिथूनच फवारा गेल्यामुळे उजळ-गडदाचा नकाशा आकृतीवर आयता तयार होतो. पुढे हात अडखळला की या नकाशाकडे बघायचं.

वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ, गडद रंग. तो उंचवट्यावर थांबत नाही, खाचांत उतरतो आणि तिथे वाळतो. निसर्गाने न दिलेली सावली इथे मिळते. २०१२ साली सिटाडेलने रंगांची नवी श्रेणी काढली, तिच्यातले नल्न ऑइल हा काळा आणि ॲग्रॅक्स अर्थशेड हा तपकिरी वॉश जगभरच्या रंगवणाऱ्यांच्या टेबलावर असतात. घरीही वॉश करता येतो: १ भाग ॲक्रिलिक रंगाला ८ ते १० भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा अंश. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि द्रव थेंब धरून न बसता खाचांत पसरतो.

ड्रायब्रश हे लवेसाठी सर्वांत उपयोगी तंत्र. पिठाने माखलेला हात कोरीव लाकडी दारावरून हलकेच फिरवला, तर पीठ फक्त उंच नक्षीला लागतं आणि खोलगट भाग लाकडाचाच राहतो. ड्रायब्रश तेच करतो. जुना, आखूड केसांचा ब्रश घट्ट रंगात बुडवा आणि कागदावर इतका पुसा की कागदावर जेमतेम डाग उठावा. मग आकृतीवरून झपाझप फिरवा. लांडग्याच्या बटांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात, म्हणून ब्रश उलट, शेपटीकडून डोक्याकडे फिरवला की टोकं बरोबर पकडली जातात. ब्रशवर रंग जास्त राहिला तर टोकांऐवजी पट्टे उठतात. कमी राहिला तर फक्त वेळ जातो. म्हणून कमीच असू द्यावा.

२०१९ साली आलेले कॉन्ट्रास्ट रंग वॉश आणि मूळ रंगाचं काम एकाच हातात करतात. फिक्या अस्तरावर ते लावले की खाचा गडद आणि उंचवटे फिके होतात. घाईच्या सैन्याला ते फार उपयोगी पडतात. पण आधी सांगितलेली तीन हत्यारं हाताशी असली की कॉन्ट्रास्ट रंगही जास्त समजून वापरता येतो.

७. एक राखाडी लांडगा, पायरीपायरीने

आता हे सगळं एका आकृतीवर लावून पाहू. मुख्य रंग चार पुरेत: गडद निळसर करडा, मध्यम करडा, मलई आणि गडद तपकिरी. प्रत्येक रंग लावण्याआधी २ थेंब रंगाला साधारण १ थेंब पाणी घाला. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले, कारण जाड रंग बटांमधल्या खाचा बुजवून टाकतो आणि बुजलेली खाच परत उघडत नाही.

पहिली पायरी: पोट, गळा, गाल आणि पायांच्या आतल्या बाजूला मलई रंग. तो शुद्ध लावू नका, चिमूटभर तपकिरी मिसळून मळकट करा.

दुसरी पायरी: पाठ, खांदे, मान आणि शेपटीची वरची बाजू गडद निळसर करडी.

तिसरी पायरी: दोघांच्या मधे, बरगड्यांवर, मध्यम करडा आणि मलई समान घेऊन केलेलं मिश्रण. कडा सरळ रेघेत ठेवू नका. ब्रशने छोटे तिरपे फटकारे मारत एका रंगाची टोकं दुसऱ्यात शिरू द्या, कारण लवेत सीमा कधी सरळ नसते.

चौथी पायरी: सगळ्या अंगावर तपकिरी वॉश. पोटाखाली आणि पायांच्या सांध्यांत तो थोडा जास्त राहू द्या. पाठीवर साचला तर ओल्या ब्रशने टिपून घ्या. मग लांडगा बाजूला ठेवून पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या वॉशवर ड्रायब्रश केला तर रंग उखडून गोळे होतात.

पाचवी पायरी: पाठीवर मध्यम करड्याचा ड्रायब्रश. मग त्यात मलई मिसळून, फक्त खांद्याच्या माथ्यावर, मानेवर आणि कमरेच्या वरच्या कडेला दुसरा. पोटावर मलईचा अगदी हलका हात, तोही फक्त बाजूंना. पोटाच्या तळाला काही लावू नका.

सहावी पायरी: टोकदार ब्रशने मानेच्या आयाळीतल्या सात-आठ मोठ्या बटांची टोकं मलईने उजळा. कानांमागे आणि नाकाडावर पातळ तांबूस तपकिरी. शेपटीच्या टोकाला काळपट हात.

आता तपासा: पाठ अजून निळसर दिसते का, आणि तरीही पोटापेक्षा जास्त उजेडात आहे असं वाटतं का? दोन्हीला हो आलं, तर चौथ्या भागातला पेच सुटला.

पांढऱ्या आणि काळ्या लांडग्यांना हाच विचार लागू पडतो. पांढरा लांडगा निळसर फिक्या करड्यापासून सुरू करा आणि शुद्ध पांढरा फक्त शेवटच्या टोकांसाठी राखून ठेवा. सगळं अंग आधीच पांढरं केलं तर उजळायला जागा उरत नाही. काळा लांडगा काळपट तपकिरीपासून सुरू करा. त्याची टोकं निळसर करड्याने, फक्त उंच कडांवर, उजळा. अंगाचा बहुतांश भाग गडदच राहू द्यायला धीर लागतो. तो राहिला नाही तर काळा लांडगा राखाडी होऊन बसतो.

८. चेहरा

४५ मीटरवरून लांडग्याचा डोळा जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल. तरीही तो रंगवायचाच, कारण माणसाची नजर कोणत्याही प्राण्यात आधी चेहरा शोधते. मापाने डोळा भरतो मिलिमीटरचा एक तृतीयांश. एवढ्या जागेत पांढरा भाग, बुबुळ आणि बाहुली असे तिन्ही मावत नाहीत. म्हणून आधी डोळ्याची खोबण काळपट तपकिरी करा, मग मधाच्या रंगाचा एकच ठिपका ठेवा. भोवती गडद कडा राहिली की तो ठिपका आपोआप चमकतो.

तोंड उघडं असेल तर आतून गडद तांबडा-तपकिरी, जीभ मळकट गुलाबी, सुळे हस्तिदंती. भडक लाल आणि शुभ्र पांढरा वापरला तर नजर थेट तोंडाकडे जाते आणि बाकीचा लांडगा मागे पडतो. नाक काळं. शेवटी नाक, जीभ आणि डोळा यांवर चकचकीत वार्निशचा थेंब द्या. बाकीचं अंग मॅट असल्यामुळे एवढाच ओलावा दिसतो आणि प्राणी श्वास घेतोय असं वाटतं.

९. एक झाला, आता कळप

सैन्यात लांडगा एकटा नसतो. दहा लांडगे एकामागून एक पूर्ण करायला गेलं तर प्रत्येक पायरीला रंग वाळायची वाट बघावी लागते. त्यापेक्षा एकेक पायरी दहांवर करा. हिशेब सोपा आहे: एका लांडग्याला पाठीचा रंग द्यायला २ मिनिटं धरली, तर दहावा संपेपर्यंत २० मिनिटं होतात. पातळ ॲक्रिलिक तेवढ्यात वाळतो आणि पहिला लांडगा पुढच्या पायरीसाठी तयार असतो. हातालाही एकाच हालचालीची सवय होते.

पण दहाही एकसारखे झाले तर कळप कारखान्यातून आल्यासारखा दिसतो. आणि दहा वेगळ्या जातींचे झाले तर कळपच राहत नाही. इथे पुन्हा खऱ्या लांडग्यांकडे बघू. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट मांडलं की मोकळ्या रानातला कळप हा साधारणपणे एक कुटुंब असतो: आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयांची पिल्लं. म्हणजे कळपात सारखेपणा हवा, पण घरच्या माणसांमध्ये असतो तेवढाच.

हे रंगात उतरवायचं तर तेच रंग ठेवा आणि प्रमाण बदला. दहांपैकी सहा लांडगे आधीच्या कृतीने. दोघांची पाठ अधिक गडद, ड्रायब्रशचा शेवटचा हात न देता. एकात तांबूस तपकिरी जास्त. आणि एक म्हातारा, नाकाड आणि भुवया मलईने फिक्या केलेला. सगळ्यांवर वॉश एकच. हा एक समान वॉश सर्व रंगांच्या खाचांत उतरतो आणि कळपाला एका घरचं करतो.

१०. पायाखालची जमीन

आकृतीचा तळ शेवटी करायचा असला तरी त्याचा रंग आधी ठरवावा. पांढरा लांडगा बर्फावर आणि वाळूच्या रंगाचा लांडगा वाळूवर ठेवला की निसर्गाचं दडवण्याचं काम आपणच पूर्ण करतो. निळसर करड्या लांडग्याखाली तपकिरी माती आणि वाळकं गवत शोभतं. पांढऱ्याखाली काळा खडक ठेवून बर्फ फक्त फटींत भरावा. फेव्हिकॉलवर चाळलेली वाळू टाकली की माती होते. तिला वॉश आणि ड्रायब्रश द्या, लवेवर शिकलेलं इथेही चालतं. बर्फासाठी बेकिंग सोडा वापरू नका, तो काही काळाने पिवळा पडतो. छंदासाठी मिळणारी बर्फाची पूड घ्या. सगळ्या तळांची कड एकाच रंगाची ठेवली की वेगवेगळ्या वेळी रंगवलेली पथकंही एका सैन्यातली वाटतात.

खेळात आकृत्या बोटांनी सतत उचलल्या जातात आणि सगळ्यांत आधी झिजतात ते कानाचं टोक, नाक आणि पाठीचा कणा. नेमके हेच भाग आपण शेवटी रंगवले होते. म्हणून संरक्षक वार्निशचा हात ऐच्छिक मानू नका. मॅट वार्निश दोनदा, पातळ. नाकावरचा आणि डोळ्यावरचा चकचकीत थेंब त्यानंतर.

काम संपल्यावर दहाही लांडगे टेबलाच्या मध्यावर मांडा आणि खेळायला बसतो तिथून बघा. प्रत्येकाचं डोकं कुठे आहे, तो कोणत्या दिशेला धावतो आहे आणि तो याच कळपातला आहे, हे एका नजरेत कळलं तर रंगकाम झालं. कळलं नाही तर बारीक तपशील वाढवत बसू नका. खाचा आणखी गडद करा किंवा टोकं आणखी उजळ करा, कारण दुरून वाचता येतो तो फरकच. पुढच्या वेळी अस्वल, हरिण किंवा स्वाराचा घोडा हातात आला की रंगाची डबी उघडण्याआधी दोन प्रश्न विचारा: या प्राण्याने आपल्या अंगावर उजेड कसा लपवला आहे, आणि मला तो कुठे दाखवायचा आहे? ही सवय लागली की लांडग्याची कृती कोणत्याही प्राण्याला लावता येते.